सगळे घाट वाईला

महाड, १८ ऑगस्ट १९६९

संपादक महाशय,
साप्ताहिक 'घाटमाथा', सातारा

आपल्या साप्ताहिकाचे नाव 'घाटमाथा'. तेव्हा सह्याद्रीतला कोणता घाट कुठे जातो, एवढे तरी आपल्या कचेरीत कुणाला ठाऊक असेल अशी माझी समजूत होती. मागच्या अंकाने ती दूर केली.

मी महाडची. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, या मे महिन्यात निवृत्त झाले. नमस्कार-चमत्कारात आपला वेळ घालवीत नाही. आपणही उत्तरात घालवू नये.

आपण जानेवारीपासून 'कूटचौकट' सुरू केलीत, तेव्हा अभिनंदनाचे पहिले कार्ड माझे होते. ते आपण छापले नाही. हरकत नाही. मागे आपल्याकडे बक्षिसांच्या कोड्यांची साथ आली होती ती आठवत असेल. 'मा'च्या पुढे एक घर रिकामे. माळ भरा, माठ भरा, मान भरा आणि नशिबाकडे बघत बसा. त्याला मी कोडे म्हणत नाही, सोडत म्हणते. खरे कूट उत्तर दोनदा सांगते. एकदा अर्थाने, एकदा शब्दांच्या खटपटीने. आणि दोन्ही वाटा एकाच दारात येतात. इंग्रजी पेपरांत हे मी तरुणपणापासून सोडवीत आले आहे. मराठीत कुणी करील असे वाटले नव्हते.

आपल्या कूटकारांनी ते केले. 'अनेक मळक्या डबक्यांत दडलेले फूल' असे त्यांनी एप्रिलमध्ये विचारले. फूल हा झाला अर्थ. आणि 'अनेक मळक्या' या दोन शब्दांच्या पोटात क, म, ळ ओळीने उभे. मी एकटी मोठ्याने हसले. 'जंगल, गंध, आणि घर सुटले': वन, वास, वनवास. 'बिथरलेला पालक, उरली कवटी': पालक या शब्दातली अक्षरे बिथरवली की कपाल. बिथरलेले पालक मी जन्मभर पाहिले आहेत. उरते ते असेच काहीतरी.

आणि अशा माणसाने मागच्या अंकात लिहावे: 'वाईट शेवट सोडला की वरंध घाटापलीकडचे गाव, अक्षरे दोन.'

'वाईट' मधले शेवटचे अक्षर सोडले की वाई, इथवर ठीक. पण वरंध घाटापलीकडे वाई? महाशय, वरंध घाट चढून माणूस भोरला जातो. आपल्या तीर्थरूपांच्या जन्माआधीपासून जातो. माझे आजोळ वरंधला. त्या घाटाने मी बैलगाडीतून भोरला गेले आहे आणि वाटेत दोनदा ओकले आहे. वाई लागली असती तर ध्यानात राहिली असती.

शब्दांची खटपट खरी आणि अर्थ खोटा, असे कूट म्हणजे वाटसरूला नेमका रस्ता सांगून भलत्याच घरी धाडणे. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करावी. लहान टाइपात चालणार नाही.

चारुलता दिघे

*

महाड, १ सप्टेंबर १९६९

संपादक महाशय,

आपले कार्ड मिळाले. चार ओळींत तीन चुका आहेत, त्या सोडते.

आपण लिहिता, "आपली तक्रार कूटकारांस कळवली. त्यांचे म्हणणे असे की, शेवटी सगळ्यांना वाईलाच यावे लागते."

हे कार्ड मी दारातच उभ्याने वाचले. मग आत येऊन बसून वाचले.

हे वाक्य आपले असेल तर सातारी विनोद समजून सोडून देते. त्यांचे असेल, अक्षरशः त्यांचेच असेल, तर सोबतचे बंद पाकीट त्यांना द्यावे. कूटकारांचे नाव आपण गुप्त ठेवता हे मला ठाऊक आहे. मी नाव विचारीत नाही. पाकीट उघडू मात्र नये. मी चौतीस वर्षे मुलींच्या वर्गात चिठ्ठ्या पकडल्या आहेत. उघडलेले पाकीट मला कळते.

चारुलता दिघे

*

(सोबतचे पाकीट)

महाड, १ सप्टेंबर

अनू,

तू अनू नसशील, तर जे कुणी हे वाचत असेल त्याने इथेच थांबावं आणि कागद चुलीत घालावा.

थांबली नाहीस, म्हणजे तू अनूच. अनुपमा शेंडे, मुक्काम वाई. पुढचं आडनाव मला ठाऊक नाही, आणि मी ते कुणाला विचारलंही नाही.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात भूगोलाच्या तासाला तू सह्याद्रीचा नकाशा काढलास. वरंध, आंबेनळी, खंबाटकी, पसरणी, जेवढे घाट तुला माहीत होते तेवढे सगळे तू वाईला आणून सोडलेस. सिस्टरने विचारलं, "शेंडे, तुझे सगळे रस्ते एकाच गावात कसे संपतात?" तू उभी राहून म्हणालीस, "सिस्टर, शेवटी सगळ्यांना वाईलाच यावं लागतं." मग तास संपेपर्यंत तू बाकावर. मी हसले म्हणून मीही बाकावर. ते वाक्य वर्गातल्या सगळ्या मुलींनी ऐकलं होतं, पण त्यांतल्या एकीलाही कूट रचता येणार नाही. मी सगळ्या आठवून पाहिल्या.

मॅट्रिक होऊन आपण तिथेच धाकट्या मुलींना शिकवायला राहिलो, ते दिवस तुला आठवत असतीलच. नसले तर मी काय करू! सिस्टरचा विलायती पेपर बोटीने यायचा, महिनाभर शिळा. तिचा वाचून झाला की कपाटात अंथरायला आपल्याकडे. कपाटं उघडीच राहिली, आपण ते इंग्रजी कूट घेऊन बसायचो. पेन्सिल एक. तू एक सोडव, मी एक सोडवीन. आणि नियम तुझाच: शेवटचं एक राहिलं की जिची पाळी असेल तिने ते सोडवायचं नाही, दुसरीसाठी ठेवायचं. मी विचारलं, "का?" तू म्हणालीस, "म्हणजे दुसरीला यावंच लागतं."

आता ऐक. सन पस्तीसच्या जूनमध्ये, ठरल्याप्रमाणे, आपल्या दोघींच्या शाळेसाठी मी महाडात दोन खोल्या घेतल्या. बोर्ड रंगवून घेतला. दोन खुर्च्या केल्या. तू आंबेनळी घाटाने येणार म्हणून पोलादपूरला जाऊन उभी राहिले. सर्व्हिस मोटार आली. उतारू उतरले. ड्रायव्हरने टपावरच्या ट्रंका दिल्या आणि सगळं झाल्यावर खिशातून चिठ्ठी काढली. तुझं अक्षर. 'येत नाही.'

दोन शब्द, अनू! वाईट कूटालासुद्धा एक अर्थ असतो, एक खटपट असते. तू नुसतं उत्तर पाठवलंस, तेही नकारार्थी.

मी चौतीस वर्षं ते सोडवत बसले असं समजू नकोस. मला शाळा होती. पहिल्या वर्षी मुली अकरा, त्यांतल्या चार दिवाळीनंतर लग्न होऊन गेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. दोघींना परत आणलं. आज तालुक्यात ज्या बायका पोस्टात उभ्या राहून स्वतःचा फॉर्म भरतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तुझ्यावाचून काही अडलं नाही. दुसरी खुर्ची ठेवली, कारण शाळेत खुर्च्या लागतात.

आता घरी मी, भाऊ शरच्चंद्र आणि नाते गावाहून रोज कामाला येणारी आवडी. शरच्चंद्र वकील आहे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायची सवय. परवा माझा इंग्रजी पेपर उचलून म्हणाला, "ताई, सगळं भरलंस आणि शेवटचं एक रिकामं. रोजचंच आहे. वय झालं की कॉन्व्हेंटही गंजतं का?" आवडी भांडी घासत आतून ओरडली, "वकीलसायेब, बाईंना येतंय वो. पावन्यासाठी भाकर ठेवल्यावानी येक ठेवतात मुद्दाम."

मी पेपर त्याच्या हातून काढून घेतला. शेवटचं ठेवायची सवय आहे. भावना समजू नकोस.

एवढंच सांग, का आली नाहीस? आणि कूटकारीणबाई, नियमाप्रमाणे सांग. अर्थही हवा, खटपटही हवी. दोन्ही वाटा एका दारात आल्या नाहीत तर मी मान्य करणार नाही.

चारुलता

*

महाड, १३ सप्टेंबर

अनू,

नापास!

पत्र हातात घेऊन मी हा शब्द इतक्या जोरात म्हटला की शरच्चंद्र अशिलाला बैठकीत सोडून आत आला. "कोण नापास?" मी म्हटलं, "वाईची एक मुलगी. सन पस्तीस साली." तो अशिलाकडे परत गेला, अशील वेडा परवडला असं त्याला वाटलं असावं.

तुझं पत्र मी तपासून पाहिलं, कारण तपासायची सवय जात नाही. शिक्षकीच्या परीक्षेत तू नापास झालीस. मला मात्र 'झाले एकदाचे' एवढंच लिहिलंस, आणि मी, भाबडी, पास समजले. मग मी तुला मोठ्या हौसेने कळवलं की बोर्डावर लिहून घेतलंय: 'दोन प्रशिक्षित शिक्षिका'. त्या बोर्डाखाली तुला उभं राहवेना. पुढे त्या रघुवीररावांचं स्थळ आलं, नागपूर आलं, संसार आला, आणि दरवर्षी पत्र लिहिणं आणखी अवघड होत गेलं. रघुवीरराव गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तू वाईला परतलीस.

हं. अर्थ आहे आणि खटपट आहे. दोन्ही एका दारात येतात. मान्य करावं लागतं, आणि त्याचा मला जास्तच राग येतो.

अगं शहाणे, बोर्ड रंगवणारा आमच्या आळीतच राहत होता! तुझी चिठ्ठी आल्यावर मी 'दोन'चं 'एक' करून घेतलंच ना? चार आण्यांत झालं. तू आली असतीस तर 'प्रशिक्षित' शब्द पुसायला दोनच आणे. परीक्षा पुन्हा देता आली असती. गणित तुझं कच्चं होतं, ते मी घेतलं असतं. मुलींना हसवत शिकवायला तू हवी होतीस. माझ्या वर्गात मुली शिकल्या पुष्कळ, हसल्या कमी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तुझा दुसरा कबुलीजबाब! वरंधची चूक मुद्दाम केलीस. लिहितेस, "पत्र लिहायचा धीर नव्हता. तुझ्या शाळेच्या समारंभाची बातमी पेपरात वाचली, तू महाडातच आहेस हे कळलं. मग विचार केला, महाडच्या मुलखात खोट काढली तर तक्रार करायला चारू उठल्याशिवाय राहणार नाही. कूट रचून तीन आठवडे पडून होतं, संपादकांकडे पाठवायची हिंमत होत नव्हती."

म्हणजे तू गळ टाकलास आणि मी मासा! तोही असा मासा की वर तोंड करून पोस्टाचं तिकीट स्वतःच्या पैशाने लावतो.

आवडी ओट्याशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, हसताव का रडताव, येक काय ते ठरवा. मला चूल विझवायची हाय." मी तिला सगळं सांगितलं. तिने थोडा विचार केला. "म्हंजे त्या बाई येकदा नापास झाल्या न् लाजेपायी पळाल्या?" "हो." "न् तुमी तवाधरनं रागावलाव?" "हो." "न् ह्याला शिकल्याली मानसं म्हनायचं!" मी तिला चूल विझवायला सांगितली.

तेवीस तारखेला मंगळवार आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला येणारी गाडी धर आणि पुढे महाडला ये. मी पोलादपूरला घ्यायला येणार नाही. स्टँडवर उभं राहायची माझी हौस एकदाच फिटली आहे. घर कुणीही दाखवील, 'दिघेबाई' म्हण, पोरं आपोआप सरळ चालायला लागतात.

जन्मात एकच कूट रचलं, ते आज, तुझ्यासाठी: 'दिवस खीर आटवण्यात गेला, मैत्रीण आतच. अक्षरं दोन.' सुटलं नाही तर पुन्हा नापास.

चारू

*

महाड, २७ सप्टेंबर

अनू,

तुझं कार्ड काल आलं. 'उत्तर: सखी. दिव-स खी-र, बरोबर? आंबेनळी घाटात दरड आली आहे, रस्ता बंद. आता दिवाळीनंतर बघू.'

उत्तर बरोबर आहे. बाकीचं मला मंगळवारीच कळलं होतं.

कसं कळलं म्हणून विचारशील. मी पोलादपूरला गेले होते. येणार नाही असं लिहिलं होतं, ते खरं होतं. पण सकाळी पोलादपुरात एक जुनी विद्यार्थिनी आजारी असल्याचं आठवलं. ती ठणठणीत निघाली. मग परत येताना स्टँड वाटेत लागलाच, तर थांबले. गाडी येईना. कंट्रोलरला विचारलं. तो म्हणाला, "बाई, वरची गाडी आज नाय. रातच्याला दरड पडली घाटात, आख्खा रस्ता गेलाय. पंधरा दिस तरी नाय सुटायची."

मी तिथेच उभी. हातात पिशवी. पिशवीत, तू विचारशीलच, खिरीचा डबा. अनू, खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मनात आलं की आता कुणीतरी खिशातून चिठ्ठी काढणार. कंट्रोलरने खिशात हात घातला. तंबाखू काढली.

दरड तू पाडली नाहीस, एवढं मी मान्य करते. पण 'दिवाळीनंतर बघू' हे वाक्य घाटाने लिहिलेलं नाही, ते तुझं आहे. मला तुझे बेत कळतात. दिवाळीनंतर सुनेचं काहीतरी निघेल, मग थंडी, मग गुडघे. आणि मग एखाद्या वर्षी ड्रायव्हर येईल आणि चिठ्ठी देईल. तू पुन्हा त्या बोर्डाला भ्यायला लागलीस. अगं, तो बोर्ड आता नाही. शाळेला इमारत झाली, बोर्ड लोखंडी आहे, आणि त्यावर माझंही नाव नाही.

काल संध्याकाळी मी हे सगळं शरच्चंद्रासमोर बोलत होते. जरा मोठ्याने बोलत असेन. तो 'घाटमाथा'चा तो जुना अंक घेऊन बसला, चष्मा वर केला आणि कोर्टातल्या आवाजात विचारलं, "ताई, आंबेनळी बंद. मग आता महाडहून वाईला जायचं तर वाट कुठली?"

मी म्हटलं, "पुण्याची गाडी. वरंध घाटाने भोर, तिथून शिरवळ, तिथून..."

"तिथून?" तो म्हणाला.

मी ताटं मांडायला घेतली.

"म्हणजे वरंध घाट चढून गेलं की शेवटी वाई लागते. साक्षीदार स्वतः सांगतोय. तुझ्या कूटकारणीचं बरोबर निघालं की गं! संपादकाची माफी कधी मागतेस?"

जेवण होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. जेवताना ताकाला मीठ विचारलं, तेवढंच. पण बोलले नाही तरी विचार थांबत नाही ना! मी चौतीस वर्षं एकाच घाटाकडे डोळे लावून होते, तू उतरून येशील म्हणून. दुसरा घाट माझ्या आजोळच्या दारातून जातो, आणि तो चढायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तू नकाशात काढून ठेवला होतास.

तर उद्या सकाळच्या पुणे गाडीने मी निघते आहे. भोरला उतरेन. तिकिटावर 'भोर' छापलेलं असेल, ते जपून आणते, कारण मुद्दा माझाच खरा आहे: वरंध घाट भोरलाच जातो. पुढचं पुढे. घाटात ओकले तर तो दोष तुझ्या खात्यात.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं तर तुला पळायला वेळ मिळेल. स्वतःच आणून हातात देणार आहे, आणि तू हे वाचत असशील तेव्हा मी समोर बसलेली असेन. वर बघू नकोस, आधी पुरं वाच. तू नेहमी अर्ध्यावर उत्तर द्यायला लागतेस.

आवडीने पोह्याचे पापड बांधून दिलेत आणि निरोपही: "त्या बाईंना म्हनावं, पुन्यांदा नापास झालाव तरी या. आमच्याकडं कोन पास हाय?" परत येताना तुला घेऊनच यायचं असं तिने मला बजावलं आहे. मला, मुख्याध्यापिकेला! पण ते आपण नंतर ठरवू. घाट सुटला की आंबेनळीने उतरू, दोघी. पोलादपूरच्या त्या कंट्रोलरला मला दाखवायचं आहे की माझी गाडी आली.

तुझी कूटचौकट तुलाच सोडवायला आणण्यात अर्थ नाही, म्हणून कालचा इंग्रजी पेपर आणते आहे. सगळी घरं भरली आहेत. शेवटचं एक रिकामं आहे, उभा शब्द, उजवीकडच्या कोपऱ्यात. पेन्सिल टोक करून पिशवीत टाकली आहे, एकच.

आणि अनू, या खेपेला ते मी तुझ्यासाठी म्हणून ठेवलेलं नाही. काल दुपारपासून त्याच्याशी झटते आहे. मला येत नाहीये.

चारू